कोर्टाचा अबोला

आमची थोरली इंदू ज्या वैशाखात उजवली, त्याच वर्षीच्या श्रावणात माझा भाऊ भिवा मला पंचमीला न्यायला पांगरीला आला. साल त्र्याऐंशी. दारात चपला काढल्या, तांब्यातलं पाणी पायांवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता आमच्या मालकांना म्हणाला, "दाजी, आक्काला म्हणावं, गाडी साडेनवाची हाय. पिशवी भरून तयार ऱ्हा म्हणावं."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात त्याच्याच चहाची कपबशी होती.

मालकांनी कपाळाला हात लावला. "आरं, ती काय बहिरी झालीय व्हय? तुझ्या म्होरं उभी हाय."

"तुम्ही सांगा, दाजी."

"आगं, गाडी साडेनवाची हाय," मालक माझ्याकडे तोंड फिरवून म्हणाले.

"ठाऊक हाय म्हणावं," मी म्हणाले. "आन् च्या घे म्हणावं. साखर जास्तीची घातलीय."

असं आमचं तीन वर्षं चाललं होतं. भाऊबीजेला मी ओवाळायची, तो पाटावर बसायचा, पण दोघांचीही तोंडं शिवलेली. इंदूच्या लग्नात मामा म्हणून भिवाच तिच्या पाठीशी उभा राहिला. अक्षता पडल्या तशी मी रडले, तोही रडला, आणि रडतानाही एकमेकांशी बोलायला लागू नये म्हणून आम्ही मांडवाच्या दोन टोकांना गेलो. इंदूच्या सासूनं मला हळूच विचारलं की नवरीचे मामा जन्माचे मुके आहेत की मागाहून झाले.

याचं कारण होती कोर्टातली केस. आमच्या आबांनी बार्शीत बाजाराच्या रस्त्यावर स्वतःच्या हिमतीनं फुटाण्यांची भट्टी घातली होती. पुढं भट्टी, मागं राहायच्या दोन खोल्या. आम्हा दोघा बहीणभावांचं बालपण गरम वाळूच्या त्या कढईशेजारीच गेलं. ऐंशी साली आबा वारले. कागदावर काही लिहून ठेवलेलं नव्हतं. टिकोळे वकील आमचं जुनं गिऱ्हाईक. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी भिवाला बोलावलं आणि वारसांची नावं लावून देतो म्हणाले. आठवड्याभरानं मला निरोप आला. मी गेले तर म्हणाले, बापाच्या मिळकतीत लेकीचाही हक्क असतो, तुझाही अर्ज गेला पाहिजे. पण मी भिवाचा वकील, मला दोन्हीकडून उभं राहता येत नाही, तेव्हा तुझं काम माझा भाचा सुहास बघेल, तो माझ्याच घरी असतो.

मला त्या वेळी फार बरं वाटलं. म्हटलं, परक्या माणसानं आपला केवढा विचार केला. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. मालक गिरणीत पोती उचलायचे, त्यांचंही ज्ञान माझ्याएवढंच. सुहास वकिलांनी जिथं बोट ठेवलं तिथं मी अंगठा ठेवला.

दोन महिन्यांनी कळलं की भिवानं माझ्या अर्जाला हरकत घेतली आहे आणि आता केस चालणार. सुहास वकिलांनी मला समोर बसवून बजावलं की निकाल लागेपर्यंत समोरच्या पार्टीशी एक शब्द बोलायचा नाही. केसबद्दल तर तिसऱ्याच्या तोंडूनसुद्धा नाही. बोललं की कोर्टाचा अपमान होतो, आणि अपमान झाला की तुरुंग.

समोरची पार्टी म्हणजे कोण, असं मी विचारलं.

"म्हणजे तुझा भाऊ," ते म्हणाले.

तिकडं टिकोळ्यांनी भिवालाही अशीच ताकीद दिली होती. आम्ही दोघंही कायदा पाळणारी माणसं. भावानं पंचमीला बहिणीला आणायचं हा रिवाज, म्हणून तो यायचा. बोलायचं नाही हा कायदा, म्हणून तो बोलायचा नाही. कोर्टाच्या तारखांना आम्ही एकाच बाकावर बसायचो. मी भाकरी-ठेच्याचं फडकं सोडून अर्धं त्याच्या बाजूला सरकवायची. तो खिशातली फुटाण्यांची पुडी काढून मधे ठेवायचा. आत नावाचा पुकारा झाला की दोघं उठायचो, पुढची तारीख ऐकायचो आणि आपापल्या वाटेनं जायचो.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत खुपायची. त्याचा वकील आणि माझा वकील एकाच स्कूटरवरून कोर्टात यायचे. मी मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, वकील असेच असतात, आत भांडतात आणि बाहेर एकत्र चहा पितात, आपण अडाणी माणसांनी शंका घेऊ नये. मी गप्प बसले, पण शंका काही गेली नाही.

तर त्या दिवशी साडेनवाच्या गाडीनं आम्ही निघालो. तेव्हा आमच्याकडं छोट्या रुळांची गाडी होती, इतकी सावकाश चालायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. भिवा एका खिडकीशी, मी दुसऱ्या. समोरच्या म्हातारीनं विचारलं, "नवराबायकू का?" भिवा म्हणाला, "न्हाई, बहीण हाय माझी." म्हातारीनं मान डोलावली. "तरीच. नवराबायकू असती तर येवढ्यात भांडली असती."

मला हसू फुटलं. भिवा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

पंचमीचा आदला दिवस म्हणजे भट्टीवर वर्षातली मोठी गर्दी. अख्खी बार्शी लाह्यांसाठी दारात उभी. भिवा कढईवर, मी चाळणीवर. त्या कामाला बोलावं लागत नाही. त्यानं झारा उचलला की मी चाळणी पुढं करायची, वाळू खाली, लाह्या वर. लहानपणापासून केलेलं काम, हात आपोआप चालतात. भावजय हौसा गिऱ्हाईक बघत होती. ती माझ्याशी बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवायची. माझं काय चुकलं हे मला कळत नव्हतं, आणि केसचं काही विचारायचीही बंदी.

पंचमीला आपल्यात चुलीवर तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. भट्टीही थंड असते. हौसा पोरींना घेऊन झोके खेळायला गेली होती, भिवा वारुळाच्या पूजेचं सामान आणायला. मी एकटीच दारात बसले होते, तेवढ्यात एक माणूस टेप घेऊन आला आणि सरळ भिंतीची मापं घ्यायला लागला.

कशाची मापं, असं मी विचारलं. तो म्हणाला, समोरच्या कापडवाल्या शेटनी पाठवलंय, आज भट्टी बंद म्हणून सोयीचं पडतं. इथं लॉज व्हायचाय. उद्या टिकोळे वकिलांकडं सह्या आहेत, दोन्ही पार्ट्या विकायला तयार आहेत.

उद्या तिथं जायचं हे मला ठाऊक होतं. सुहास वकिलांचा निरोपच होता की तडजोडीच्या कागदावर अंगठा लागेल, भिवा दुसरं काही ऐकत नाही. पण तडजोड म्हणजे विक्री, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि थंड कढईच्या काठावर हात ठेवून उभी राहिले. माझ्या मनात एकच आलं, भिवानं आबांची भट्टी विकायला काढली. मला न विचारता. काल दिवसभर माझ्याशेजारी लाह्या फोडल्या, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही टिकोळ्यांकडं गेलो. तो पुढं, मी दहा पावलं मागं. दोघंही वकील बाहेर गेले होते, येतीलच म्हणून आम्हाला ओसरीवर बसवलं. तिथं टिकोळ्यांच्या आई बसल्या होत्या, सगळे त्यांना माई म्हणत. ऐंशीच्या घरातल्या, तोंडात दात नाही. खलबत्त्यात आमचेच फुटाणे कुटत होत्या. रोज दुपारी फुटाण्यांचं पीठ गुळाबरोबर खाणं हा त्यांचा शिरस्ता.

"काय रे भिवा," त्या म्हणाल्या, "भट्टी विकतोस असं ऐकते. मग मी काय कुटू, खडे?"

भिवानं माझ्याकडं पाठ केली. "मला कशाला इचारता, माई? ज्याला इकायचीय त्याला इचारा. मी बापाच्या चुलीवर जगतुया, मी कशाला इकीन?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पण माईंकडंच तोंड केलं. "माई, म्या तर फकस्त नाव लागावं म्हणून अर्ज दिला. पंचमीला यायला म्हायेर ऱ्हावं येवढंच. ज्यानं हरकत घेतली त्याला इचारा इक्रीचं."

"हरकत?" भिवा माईंना म्हणाला. "माई, दावा कुणी लावला? समन्स माझ्या दारात आलं. बहिणीनं भावाला कोर्टात वढलं म्हणून गल्ली हसली."

माईंचा बत्ता थांबला. त्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "अरे, मग हे तुम्ही मला का सांगता? समोरासमोर बसलाय ना?"

भिवाचा आवाज शेवटच्या शब्दाला फाटला होता, तेवढं मला ऐकू आलं. लहानपणी वाळूनं हात भाजला तरी तो रडायचा नाही, पण आवाज असाच फाटायचा. तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, तुरुंग तर तुरुंग. तिथंही बायका असतीलच, भाकरी थापायला हात लागतीलच.

"भिवा," मी म्हणाले, "तुला भट्टी इकायचीय का?"

तीन वर्षांनंतरचा तो माझा पहिला शब्द. भिवा ताडकन उभा राहिला. त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं. नेमका एक पोलीस भाजीची पिशवी घेऊन चालला होता. भिवाचं तोंड पांढरं पडलं.

"आक्का, बोलू नगंस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुला हात जोडतो, बोलू नगंस."

"बोलले की आता. सांग, इकायचीय का?"

तो पोलीस कोपऱ्यावरून वळेपर्यंत भिवा गप्प होता. मग खाली बसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "न्हाई. तुला इकायचीय म्हणून टिकोळेसाहेब म्हणाले. तुझा वाटा तुला रोकड्यात पायजे, त्याबिगर तू ऐकत न्हाईस म्हणाले."

"मला सुहास वकील म्हणाले, तू ऐकत न्हाईस."

"म्या काय ऐकायचं? मला कुणी काय इचारलंच न्हाई."

"मलाबी न्हाई."

मग जे सुरू झालं ते थांबेना. मी अर्ज म्हणून अंगठा दिला तो वाटणीचा दावा निघाला. त्यानं उत्तर म्हणून सही केली ती माझ्यावरची हरकत निघाली. माझ्या नावानं त्याला जे सांगितलं तेच त्याच्या नावानं मला सांगितलेलं. भिवा दुसरीपर्यंत शिकलेला, सहीपुरता. दोघांनी मिळून एक कागद वाचला नव्हता.

माईंनी सगळं ऐकून घेतलं. "आणि बोलायचं नाही हे कुणी सांगितलं?"

"कायदा हाय म्हणं, माई."

"चाळीस वर्षं झाली या घरात वकिली बघतेय," माई म्हणाल्या. "आधी नवऱ्याची, आता लेकाची. बहीणभावानं बोलू नये असा कायदा मी ऐकला नाही."

तेवढ्यात स्कूटर आली. मामा पुढं, भाचा मागं, त्याच्या मांडीवर कागदांची पिशवी. आम्हाला बोलताना बघून टिकोळे पायरीवरच थबकले. मग आवाज चढवून म्हणाले, हे काय चाललंय, दावा प्रलंबित आहे, समजतं का तुम्हाला, तुम्ही दोघं आत जाल.

भिवा उठला. मला वाटलं, हा आता पाया पडतोय. पण त्यानं सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या आणि म्हणाला, "चालंल, साहेब. घाला आत. पर दोघांना येकाच कोठडीत घाला. तीन वर्षांचं बोलायचं ऱ्हायलंय."

सुहास वकील हसले. त्यांना हसू आवरलंच नाही, मामांनी वळून बघितलं तेव्हा खोकल्याचं सोंग केलं. टिकोळे आईला म्हणाले, "तू आत जा, माई. हे कामाचं बोलणं आहे."

माई जागच्या हलल्या नाहीत. "मी इथंच बसते. तू यांना काय काय सांगितलंस ते मला पण सांग. मलाही कायदा कळू दे."

टिकोळ्यांनी बरंच काही सांगितलं. कज्जा लांबला तर दोघांचंही नुकसान, शेट पुन्हा असा भाव देणार नाही, मी तर आबांच्या ओळखीखातर एवढं केलं. मध्येच त्यांनी माझ्यापुढं शाईची डबी ठेवली. मी अंगठा मुठीत धरला आणि मूठ पदराखाली घेतली. भिवानं आमचे कागद परत मागितले. ते म्हणाले, कागद असे मिळत नसतात, कोर्टात या. भिवा म्हणाला, येतो.

ओसरीवरून उतरलो तर भिवा दहा पावलं पुढं निघाला, सवयीनं. मग लक्षात आलं तसा थांबला. भट्टीपर्यंत यायला पाऊण तास लागला, एरवी दहा मिनिटांची वाट. मी इंदूच्या सासरचं सांगत होते, तो धाकटीला दात आले त्याचं सांगत होता, आणि दोघंही एकाच वेळी. हौसा दारात उभी होती. आम्हाला बोलत येताना बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. भिवानं तिला सगळं सांगितलं. त्या दुपारी तिनं माझं ताट अलगद ठेवलं आणि वर तुपाची धार सोडली.

पुढच्या तारखेला आम्ही दोघंच जज्जसाहेबांपुढं उभे राहिलो आणि म्हणालो, आमचं भांडण नाही. त्यांनी विचारलं, मग तीन वर्षं काय करत होता. भिवा म्हणाला, गप्प बसलो होतो साहेब, बोललं की शिक्षा असते म्हणून. अख्खं कोर्ट हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी मागं बसलेल्या सुहास वकिलांना विचारलं, तुमचं ऑफिस कुठं. ते म्हणाले, मामांकडे. आणि मामा कुणाचे वकील? मग जज्जसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आम्हाला सांगितलं की दुसरा वकील करा, आणि या प्रकाराची तक्रार करायची तर मुंबईला वकिलांवर देखरेख ठेवणारं मंडळ आहे, तिथं करा.

तक्रार करावी की नाही यावर आमच्यात पहिल्यांदा खरं भांडण झालं. भिवा म्हणत होता, भट्टी वाचली, पुरे. मी म्हणत होते, आपल्यासारखी आणखी किती बहीणभावंडं बाकावर गप्प बसली असतील. शेवटी माझं ऐकलं. दुसऱ्या वकिलांनी तक्रार लिहून दिली. या खेपेला मी ती तीनदा वाचायला लावली आणि मगच अंगठा दिला. जबानीला आम्ही दोघं मुंबईला जाऊन आलो. भिवा तिथं इतकं बोलला की लिहून घेणारा दोनदा उठून पाणी प्यायला गेला. दीड वर्षानं निकाल आला, टिकोळ्यांची सनद काही काळ बंद झाली. सुहास वकिली सोडून विम्याच्या कामाला लागले. भट्टीच्या कागदावर दोघांचीही नावं चढली. माईंच्या घरून फुटाण्यांना माणूस येतच राहिला. सनद परत मिळाल्यावर टिकोळे स्वतःही यायचे आणि दरावरून घासाघीस करायचे. भिवा त्यांना मापाच्या वर मूठभर जास्त द्यायचा. मी विचारलं तर म्हणायचा, माईंसाठी देतो.

मी भिवाला मात्र सोडत नव्हते. दर पंचमीला, चारचौघांत, त्याची नक्कल करायची. पोलिसाला बघून याचं तोंड कसं पांढरं पडलं, एवढा मिशीवाला बाप्या आणि तुरुंगाला कसा भ्याला. सगळी हसायची. भिवाही हसायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

असंच तीन-चार वर्षं झाल्यावर एका पंचमीला मी नक्कल करून आत आले, तर हौसानं मला चुलीपाशी बसवलं.

"वन्सं, येक सांगू? ते सोतासाठी न्हवते भ्याले."

"मग?"

"टिकोळेसाहेबांनी त्यास्नी येगळंच सांगितलं व्हतं. तू बोललास तर तुझ्या बहिणीला धरून नेतील. दावा तिचा हाय, आत तीच जाईल. म्हणून तीन वर्षं तोंड मिटून बसले. राती झोपंत बी वठ घट्ट दाबून धरायचे. मला शपथ घातलीया, वन्संना सांगू नगंस म्हणून."

बाहेर भिवा कुणाला तरी मोठ्यानं काहीतरी सांगत होता.

त्यानंतरही मी त्याला चिडवायचं सोडलं नाही. सोडलं असतं तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं. दर पंचमीला पोलीस, पांढरं तोंड, मिशी, सगळं तसंच. शेवटच्या पंचमीला तर त्यानंच मला आठवण केली, "आक्का, आज नक्कल ऱ्हायली."

माई अठ्ठ्याऐंशी साली गेल्या, टिकोळे वकील ब्याण्णवला. आमचे मालक दोन हजार तीन साली गेले. भिवा दोन हजार आठच्या माघात, गुरुवारी सकाळी, बार्शीच्या घरी वारला. त्याला एकोणसाठावं वर्ष चालू होतं.